लघवीत जंतू सापडले म्हणजे आजार झाला असे नव्हे
(मणक्याला इजा झालेल्या रुग्णाची घरची निगा व अँटिबायोटिकचा वापर : एक अभ्यासपाठ)



ऊस, पाणी, खत आणि भाव यांवर आपण या पानांतून नेहमीच बोलतो. या वेळचा पाठ शेतातला नाही, घरातला आहे. पण त्याची गरज आपल्या भागाला आहे. भरल्या ट्रॉलीखाली सापडलेला, झाडावरून पडलेला, कठडा नसलेल्या विहिरीत गेलेला, अंधारात उभ्या ट्रेलरला मोटारसायकल धडकलेला माणूस मोठ्या दवाखान्यात वाचतो, ऑपरेशन होते, आणि कमरेखालचे अंग लुळे होऊन घरी येतो. पहिल्या महिन्यात सारा गाव भेटून जातो. पुढची वीस-तीस वर्षे मात्र घरच्यांनाच काढायची असतात.

या वर्षांत घरच्यांना सर्वांत जास्त धावपळ करायला लावणारी गोष्ट म्हणजे लघवी. लघवी गढूळ दिसली, वास आला, की तपासणी होते. रिपोर्टात जंतू लिहून येतात. मग गोळ्या, गोळ्यांनी भागले नाही तर इंजेक्शने. पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच रिपोर्ट. असे वर्षातून सहा-आठ वेळा होते. पैसा जातो तो वेगळाच. पण खरे नुकसान पुढे आहे. ज्या दिवशी खरोखर जंतुसंसर्ग होऊन रुग्ण तापाने फणफणतो, त्या दिवशी औषधच लागू पडत नाही.

हे टाळता येते. ते कसे, हे आज आपण क्रमाने समजून घेऊ. आम्ही येथे औषधांची नावे व मात्रा सांगणार नाही; ते काम डॉक्टरांचे. औषध केव्हा लागते आणि केव्हा लागत नाही, एवढे घरच्यांना कळले तरी पाठाचा हेतू साध्य झाला.

१. मणक्याला मार बसला की लघवीचे काय होते?

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरतो. मेन लाइनवरून डी.पी.ला आणि डी.पी.वरून विहिरीवरच्या मोटारीला वीज जावी, तसे मेंदूचे हुकूम या रज्जूतून हातापायांना, आतड्यांना व मूत्राशयाला जातात. लाइन मध्येच तुटली की खालच्या मोटारी जागेवर असूनही चालत नाहीत. मज्जारज्जूचे तसेच होते. पाय शाबूत असतात, पण हुकूम पोचत नाही.

मूत्राशय म्हणजे लघवीची पिशवी. ती भरल्याची खबर वर जात नाही आणि रिकामी करण्याचा हुकूम खाली येत नाही. काही रुग्णांत पिशवी सैल पडून तुडुंब भरते. काहींत ती आपोआप आवळते, पण तोंड उघडत नाही, आणि दाबाने लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते. दोन्ही प्रकार घातक. म्हणून लघवी बाहेर काढण्याची सोय करावी लागते. तिचे प्रकार असे :

(अ) कायमची नळी (फोली कॅथेटर) व तिला जोडलेली बॅग.
(आ) दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढणे व नळी लगेच बाहेर घेणे. दवाखान्यात याला सी.आय.सी. म्हणतात.
(इ) ओटीपोटातून छिद्र करून बसवलेली नळी.
(ई) पुरुषांसाठी बाहेरून बसवायची निरोधासारखी पिशवी. पण मूत्राशय आपोआप पुरते रिकामे होत असेल तरच ही उपयोगी.

कोणता प्रकार कोणाला, हे डॉक्टर ठरवतात. हात चांगले चालत असतील आणि घरात सोय असेल तर दुसरा प्रकार बहुधा अधिक चांगला मानला जातो.

२. जंतू असणे वेगळे, आजार वेगळा

मुख्य धडा येथे आहे, तेव्हा सावकाश वाचावे.

शरीरात बाहेरून नळी आली की तिच्यासोबत जंतू येतातच. कायमच्या नळीत दररोज शंभरात तीन ते आठ रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू वस्ती करतात. म्हणजे महिनाभरात जवळजवळ सर्वांच्याच लघवीत जंतू असतात. वेळोवेळी नळी घालणाऱ्यांतही बहुतेकांच्या लघवीत केव्हा ना केव्हा ते सापडतात. याचा अर्थ ते सगळे आजारी आहेत असा नव्हे. जंतू राहतात, पण अंगात घुसत नाहीत, ताप आणत नाहीत. डॉक्टरी भाषेत याला ‘लक्षणांविना जंतू’ अशी वेगळी संज्ञाच आहे, आणि तो आजार धरत नाहीत.

मग औषधाने हे जंतू काढून का टाकू नयेत? ठिबकवाल्या सभासदांनी आपली लॅटरल आठवावी. आतून बुळबुळीत थर धरतो. पाण्याचा जोर केला तरी तो सुटत नाही. नळीच्या आत-बाहेर जंतू असाच थर धरून बसतात, आणि त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. वरवरचे जंतू मरतात, रिपोर्ट चार दिवस साफ येतो, आणि थरातले पुन्हा वाढतात. वाढतात ते कोण? तर ज्यांना औषध मारू शकले नाही ते. म्हणजे पैसे खर्चून आपण घरात दांडग्या जंतूंची बेणेवाडीच लावली!

याला आपल्याच पिकातला दाखला आहे. २००२ साली सांगली, कोल्हापूर, सातारा भागात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा पंप पाठीवर घेऊन धावाधाव झाली. उंच वाढलेल्या उसात फवारा नीट पोचेना, आणि जिथे पोचला तिथे मावा खाणारे मित्रकीटकही मेले. पुढे मावा आवरला तो मुख्यतः डिफा, मायक्रोमस अशा मित्रकीटकांनी. त्या वेळेपासून आपण शिकलो, की किडा दिसला की फवारा हे खरे नाही. कोणता किडा, किती आणि पिकाला इजा करतो की नाही, हे आधी पाहायचे. मूत्राशयाचे गणित याहून फार वेगळे नाही.

मूत्राशयातही मित्रजंतू असू शकतात, हे प्रयोगाने दिसले आहे. अमेरिकेत ह्यूस्टन येथील डॉक्टरांनी मणक्याच्या रुग्णांच्या मूत्राशयात ई. कोलाय जातीचा एक निरुपद्रवी जंतू मुद्दाम सोडून पाहिला. तो मुळात एका मुलीच्या लघवीत सापडला होता. कित्येक महिने राहूनही त्याने तिला काही त्रास दिला नव्हता. ज्या रुग्णांत हा जंतू टिकला, त्यांच्यात त्रासदायक जंतुसंसर्ग कमी झाले. हा उपचार अजून रोजच्या वापरात आलेला नाही. घरी कोणी असले प्रयोग करायचे नाहीत. पण धडा असा, की शांत बसलेल्या जंतूला उठवले तर त्याच्या रिकाम्या जागी कोण येईल, हे सांगता येत नाही.

अमेरिकेच्या जंतुसंसर्गतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली आपली मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. त्यांत मज्जारज्जूच्या रुग्णांबद्दल स्पष्ट सल्ला आहे : लक्षणे नसतील तर लघवीत जंतू शोधायला जाऊ नये, आणि सापडले तरी औषध देऊ नये. याला अपवाद मुख्यतः दोन. गरोदर स्त्री, आणि मूत्रमार्गाचे रक्त येण्याजोगे ऑपरेशन, जसे खडा काढणे. या दोन्ही वेळी डॉक्टर तपासणी करून औषध देतात आणि ते घेतलेच पाहिजे.

३. मग खरा जंतुसंसर्ग ओळखायचा कसा?

धडधाकट माणसाला लघवीत जंतुसंसर्ग झाला की जळजळ होते, सारखे जावेसे वाटते. मणक्याच्या रुग्णाला खाली जाणीव नसते, त्यामुळे त्याला ही लक्षणे कळत नाहीत. घरच्यांचा गोंधळ येथूनच सुरू होतो. जळजळ सांगता येत नाही, तर निदान रिपोर्ट तरी करू, असे वाटते. पण या रुग्णांची स्वतःची वेगळी लक्षणे असतात. ती पाहण्याची सवय करावी.

ही लक्षणे असतील तर जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा :
• थंडी वाजून ताप येणे.
• पाय आखडण्याचे, झटके येण्याचे प्रमाण एकाएकी वाढणे.
• दोन वेळांच्या मध्ये नव्यानेच लघवी गळू लागणे.
• कुशीत, पाठीत किंवा ओटीपोटात दुखणे किंवा जडपणा (ज्यांना थोडी जाणीव आहे त्यांना).
• लघवीतून नव्याने रक्त जाणे.
• गळून जाणे, जेवण नको वाटणे, ‘आज काहीतरी बिघडलंय’ असे रुग्णाने स्वतः सांगणे.
• बोलण्यात घोटाळा किंवा गुंगी. हे धोक्याचे आहे. लगेच दवाखाना गाठावा.

नुसत्या या गोष्टी म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे :
• लघवीला वास येणे.
• लघवी गढूळ किंवा गडद दिसणे.
• रिपोर्टात ‘पस सेल्स’ वाढलेले असणे. नळीच्या घासण्यानेही ते वाढतात.
• कल्चरमध्ये जंतूचे नाव येणे.
• बॅग जांभळी होणे. हे पाहून घरचे घाबरतात. काही जंतू लघवीतील द्रव्यावर क्रिया करतात व बॅगेच्या प्लॅस्टिकला जांभळा रंग चढतो. बद्धकोष्ठ असलेल्यांत हे जास्त दिसते. डॉक्टरांना सांगावे, नळी-बॅग बदलावी, पोट साफ होण्याकडे पाहावे. पण केवळ रंगासाठी अँटिबायोटिक लागत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळ्या ठशात लिहावी अशी आहे. ज्यांची इजा मान किंवा छातीच्या वरच्या भागात, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर आहे, अशांना अचानक डोके ठणकणे, तोंड लाल होणे, इजेच्या वरच्या अंगाला दरदरून घाम, आणि रक्तदाब एकदम चढणे असा प्रकार होऊ शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. बहुतेक वेळा कारण असते नळी तुंबून फुगलेले मूत्राशय. कधी कोठा तुंबणे, कधी दाबाची जखम. येथे वाट पाहायची नाही. रुग्णाला ताबडतोब बसते करावे, पाय खाली सोडावेत, कपडे-पट्टे सैल करावेत, नळीला पीळ आहे का पाहावे, बॅग भरली असल्यास रिकामी करावी. वेळोवेळी नळी घालणारा रुग्ण असेल तर लगेच नळी घालून लघवी काढावी. तुंबलेली नळी सुटत नसेल किंवा त्रास थांबत नसेल तर त्याच मिनिटाला वाहन काढावे. रक्तदाबाच्या अशा चढण्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

४. नको असलेल्या औषधाचे नुकसान

‘घेतलं तर काय बिघडतं? खबरदारी म्हणून घेऊ,’ असे पुष्कळजण म्हणतात. बिघडते ते असे :

(१) औषध निकामी होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने, म्हणजे आय.सी.एम.आर.ने, २०१३ पासून देशातल्या मोठ्या रुग्णालयांचे जाळे उभारून जंतूंची नोंद ठेवली आहे. लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा ई. कोलाय हा जंतू नेहमीच्या अनेक औषधांना दाद देत नाही, असे तिच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसते. गोळी संपली की इंजेक्शन, साधे इंजेक्शन संपले की महागडे, आणि त्यासाठी दवाखान्यात मुक्काम. शेवटच्या पायरीची औषधेही हरली की डॉक्टरांच्या हातात फार थोडे उरते.

(२) जुलाब लागतात. अँटिबायोटिकने आतड्यातले उपयोगी जंतूही मरतात. धडधाकट माणसाला जुलाब म्हणजे दोन दिवसांचा त्रास. कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाला तो फार महागात पडतो. अंथरूण ओले होते, कातडी भिजते, आणि माकडहाडावर जखम धरते. ती भरायला महिने लागतात.

(३) काही इंजेक्शने मूत्रपिंडाला व कानाला इजा करू शकतात. ज्याचे मूत्रपिंड आधीच सांभाळायचे आहे त्याला ती विनाकारण टोचून घेणे शहाणपणाचे नाही.

(४) खरे कारण झाकले जाते. पुन्हा पुन्हा नळी तुंबत असेल तर मूत्राशयात खडा असू शकतो. काही जंतूंमुळे लघवीतील क्षार साखळून खडे होतात. गोळ्यांचे कोर्स घेत बसलो तर सोनोग्राफी राहून जाते आणि खडा वाढतो.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणातच इशारा दिला होता, की औषध अपुऱ्या मात्रेत मनाने घेतले तर जंतू त्याला सरावतील. औषध निघून पुरती दोन दशकेही झाली नव्हती, तेव्हाचे हे बोलणे आहे.

५. थोडा इतिहास : रुग्ण जगू लागले ते कशाने?

पहिल्या महायुद्धात मणक्याला इजा झालेले बहुतेक सैनिक फार दिवस जगले नाहीत. गोळीने नव्हे, तर लघवीतील जंतुसंसर्ग व पाठीच्या जखमांनी ते गेले. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्यांची पद्धत साधी होती : दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशय वेळेवर रिकामे करायचे, आणि माणसाला खाटेवरून उठवून कामाला, खेळाला लावायचे. औषधे होती, पण पाया निगेचा होता. तिथल्याच खेळांतून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले, सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पुण्याजवळ खडकीला अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. तेव्हा ‘आता याचं काय उरलंय’ असे घरच्यांनी रुग्णासमोर तरी बोलू नये.

त्याच १९७२ साली अमेरिकेत मिशिगन येथील डॉ. जॅक लॅपिडेस यांनी सी.आय.सी. पद्धत मांडली. तोवर नळी पूर्ण निर्जंतुक हवी असा आग्रह होता. लॅपिडेस म्हणाले, स्वच्छ हात व स्वच्छ नळी पुरे. मात्र मूत्राशय ताणू देऊ नका. ताणलेल्या मूत्राशयाला रक्तपुरवठा कमी पडतो, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि मग ते अंगात घुसतात. सगळे जंतू मारण्याच्या मागे लागण्यापेक्षा वेळेवर रिकामे करणे महत्त्वाचे. शेतात पाणी तुंबू दिले नाही तर मुळे कुजत नाहीत, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

६. घरची निगा : रोजचे पाळीपत्रक

(१) हात. नळीला किंवा बॅगेला हात लावण्याआधी व नंतर साबणाने हात धुवावेत. गोठ्यातून किंवा फवारणीवरून आलेल्याने थेट नळीला हात लावू नये.

(२) बॅग. नेहमी मूत्राशयाच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. रुग्णाला उचलताना बॅग त्याच्या पोटावर ठेवतात; त्याने लघवी उलटी वर जाते. बॅग अर्ध्याहून थोडी जास्त भरली की रिकामी करावी. नळी व बॅग यांचा जोड विनाकारण उघडू नये.

(३) नळी. मांडीला किंवा पोटाला चिकटपट्टीने नीट बांधावी. ओढ बसू नये, पीळ पडू नये. नळीभोवतालची जागा रोज साबण-पाण्याने धुवावी. डेटॉलसारखी जहाल द्रव्ये लावू नयेत. नळी बदलण्याची तारीख डॉक्टरांकडून घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी.

(४) वेळ. वेळोवेळी नळी घालणाऱ्यांनी दिवसातून चार ते सहा वेळा, ठरल्या वेळी घालावी. एका वेळी अर्ध्या लिटरहून जास्त लघवी निघत असेल तर वेळ लांबते आहे, किंवा पाणी एकदम जास्त पिणे होते आहे, असे समजावे. नळी पुन्हा वापरायची असल्यास ती कशी धुवायची, कशी वाळवायची आणि किती दिवसांनी टाकायची, हे डॉक्टर-नर्सकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

(५) पाणी. कायमची नळी असलेल्याने दिवसभरात साधारण अडीच ते तीन लिटर, आणि वेळोवेळी नळी घालणाऱ्याने सुमारे दोन लिटर पाणी, दिवसभर वाटून घ्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच.

(६) कोठा. शौचाची वेळ ठरलेली असावी. तुंबलेले आतडे मूत्राशयावर दाब देते.

(७) आतून धुणे. जंतुनाशक किंवा अँटिबायोटिक घालून मूत्राशय नेहमी धुण्याने फायदा होतो असे दिसलेले नाही. डॉक्टरांनी विशेष कारणाने सांगितले तरच करावे.

७. संशय आला तर पायरीपायरीने काय करावे

लघवी फक्त गढूळ आहे किंवा वास येतो, बाकी माणूस बरा आहे : पाणी पुरेसे जाते का पाहावे, नळीचा पीळ काढावा, वेळा सांभाळाव्यात, दिवसातून दोनदा ताप मोजावा. एक-दोन दिवस लक्ष ठेवावे. लक्षणे आली नाहीत तर तपासणीची घाई नको.

वर सांगितलेले कोणतेही खरे लक्षण आहे : त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरातली उरलेली गोळी देऊ नये. ‘हा मणक्याचा रुग्ण आहे, नळी अमुक तारखेला बसवली आहे, मागील औषधे ही’ असे प्रथम सांगावे. येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, अँटिबायोटिक सुरू करण्याच्या आधी कल्चरसाठी लघवी द्यावी. दोन, नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून लघवी घेतात. बॅगेतली लघवी कल्चरला देऊ नये. तिच्यात जंतू वाढलेलेच असतात. कल्चरचा रिपोर्ट आला की तो डॉक्टरांना दाखवून, कोणते औषध लागू आहे ते पाहून त्यांना औषध बदलता येते. सांगितलेला कोर्स पुरा करावा. सांगितल्याहून लांबवूही नये. साधारणपणे लवकर गुण आला तर सात दिवसांचा कोर्स पुरतो, उशिरा आला तर दहा ते चौदा दिवस लागतात. ते डॉक्टर ठरवतील.

खरा ताप असताना औषध टाळणे हाही तेवढाच मोठा दोष आहे. लघवीतला संसर्ग रक्तात पसरला तर माणूस एक-दोन दिवसांत दगावू शकतो. आमचा पाठ औषधाविरुद्ध नाही. औषध खऱ्या वेळेसाठी राखून ठेवावे, एवढेच सांगणे आहे.

औषध रोखून धरल्याने रुग्णांचे नुकसान होते का, ही शंका रास्त आहे. ह्यूस्टनच्याच माजी सैनिकांच्या रुग्णालयात २०१० ते २०१३ या काळात नळी असलेल्या रुग्णांबाबत डॉक्टर-नर्सना एक सोपा तक्ता देऊन शिकवले गेले : लक्षण नाही तर कल्चर नाही. कल्चर पाठवण्याचे प्रमाण दर हजार रुग्ण-दिवसांमागे ४१ वरून २३ वर आले, आणि नाहक उपचारांचे प्रमाण १.६ वरून ०.६ वर. खऱ्या जंतुसंसर्गावर उपचार राहून जाण्याचे प्रमाण मात्र लक्षणीय बदलले नाही.

८. शंका-समाधान

शंका : नळी बदलली की दर वेळी डॉक्टर गोळी देतात. घ्यावी का?
समाधान : नुसती नळी बदलण्यासाठी सर्वांना सरसकट गोळी लागत नाही. मागे नळी बदलताना ताप आला होता का, रक्त गेले होते का, हे सांगून डॉक्टरांनाच विचारावे. ‘साहेब, याला लक्षण काही नाही, तरी गोळी हवीच का?’ असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे.

शंका : पुन्हा त्रास होऊ नये म्हणून रोज एक गोळी चालू ठेवली तर?
समाधान : बहुतेक रुग्णांत त्याने जंतू दाद न देणारे होतात. वारंवार खरा जंतुसंसर्ग होत असेल तर कारण शोधावे : खडा, अपुरे रिकामे होणे, चुकीच्या वेळा, नळीचा आकार. मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे.

शंका : मेडिकलवाला ओळखीचा आहे. चिठ्ठीशिवाय देतो.
समाधान : देऊ नये, आणि आपण मागू नये. काही महत्त्वाच्या अँटिबायोटिकसाठी ‘एच-१’ नावाची यादी आहे. तिचा नियम १ मार्च २०१४ पासून लागू झाला. ती औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची व रुग्णाच्या नावासह नोंद ठेवायची असते. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, ही खूण लोकांना कळावी म्हणून सरकारने २०१६ साली मोहीमही काढली होती.

शंका : धण्याचे पाणी, ताक, शहाळे द्यावे का?
समाधान : मूत्रपिंड ठीक असेल तर दिवसाच्या पाण्यात धरून द्यावे. त्याने लघवी मोकळी होते. पण जंतुसंसर्गाचे ते औषध नव्हे. ताप असताना त्यावर विसंबू नये.

९. एक वही करावी

उसाच्या टनेजची पावती आपण जपून ठेवतो. तशी रुग्णाची एक वही करावी. तिच्यात रोज चार रकाने : ताप, पाण्याचे व लघवीचे माप, पायांचे आखडणे, इतर काही. वेगळ्या पानावर नळी बदलल्याच्या तारखा आणि घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचे नाव व दिवस. नव्या डॉक्टरांपुढे ही वही ठेवली तर अर्धे काम होते. कोणते औषध कितीदा दिले गेले हे त्यांना दिसते, आणि रिपोर्टापेक्षा माणसाकडे पाहून निर्णय घेणे सोपे जाते. ही वही घरातल्या शिकणाऱ्या मुलीने किंवा मुलाने लिहावी, आणि शक्य असेल तर रुग्णाने स्वतः लिहावी. आपल्या देहाचा हिशेब आपल्या हाती असणे, हेही त्याच्या उमेदीला हातभार लावते.

अभ्यासासाठी प्रश्न (घरात मोठ्याने वाचून उत्तरे काढावीत)

१. लघवीत जंतू सापडले, पण ताप नाही, झटके वाढले नाहीत, भूक चांगली आहे. आपण काय कराल?
२. बॅग कोठे असावी आणि कोठे नसावी?
३. कल्चरसाठी लघवी केव्हा व कोठून घ्यावी?
४. मानेला इजा असलेल्या रुग्णाचे डोके अचानक ठणकू लागले. पहिल्या पाच मिनिटांत काय कराल?
५. लक्षणे नसतानाही औषध द्यावे लागते असे दोन प्रसंग कोणते?

ज्या सभासदांच्या घरी असा रुग्ण नाही, त्यांनीही हा अंक रद्दीत टाकू नये. वाडीवस्तीवर, भावकीत किंवा तोडणी मजुरांच्या कोपीवर जिथे असा माणूस असेल तिथे तो पोचवावा, आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवावा, ही नम्र विनंती.